विष्णुदास भावे नाट्यमंदिर व गौरवपदक, सांगली

कृष्णाकाठच्या सांगलीत मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास ऊर्फ विष्णू अमृत भावे (१८१९–१९०१) यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे. त्यांच्याच नावाचे गौरवपदक येथे दरवर्षी ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमीदिनी, रंगकर्मींना दिले जाते.

कानडी मुलखातल्या भागवत मंडळींचे (पौराणिक कथा नाचून-गाऊन रंगवणाऱ्या नटसंचाचे) खेळ १८४२ साली सांगलीत झाले. तसे खेळ, पण अधिक नेटके, मराठीत बसवावेत असे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आले आणि ते काम त्यांनी पदरच्या विष्णुदासांवर सोपवले. त्यातून १८४३ मध्ये दरबारात ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले.

भाव्यांना नाटककार म्हणण्याचा प्रघात असला, तरी नाटक मंडळीचे पहिले चालक ही त्यांची ओळख अधिक खरी आहे. लिहिलेली असत ती फक्त पदे. सूत्रधार ती गाई आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. राक्षसांच्या आरोळ्यांवरून या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके असे नाव पडले. अशा खेळात संहितेहून मोठे काम चालकाचे: माणसे जमवायची, त्यांना देव, राक्षस, स्त्रिया अशा ‘पार्ट्यां’त वाटायचे, पोशाख-सोंगे सजवायची, साऱ्यांना शिस्तीत ठेवायचे.

त्यांची खरी कसोटी १८५१ नंतर लागली. आप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला. विष्णुदासांनी मंडळी मोडली नाही. गावोगाव दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. नाटकाचा खर्च प्रेक्षकांच्या पैशातून भागवण्याची वाट मराठीत त्यांनी पाडली, आणि ‘सीतास्वयंवरा’इतकेच हे श्रेयही मोठे आहे. त्याच वर्षी ‘राजा गोपीचंद’ हा हिंदी खेळही त्यांनी मुंबईत केला. नाटकांची पदे ‘नाट्यकविता संग्रह’ या नावाने १८८५ मध्ये छापली गेली. त्यांच्या कळसूत्री बाहुल्याही टिकून राहिल्या आणि पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या.

रंगभूमीच्या शताब्दीचे नाट्यसंमेलन १९४३ मध्ये सांगलीतच भरले. अध्यक्ष होते वि. दा. सावरकर. गौरवपदक अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समितीतर्फे दिले जाते. पहिले मानकरी बालगंधर्व, म्हणजे स्वतःची मंडळी चालवलेलेच एक नट. २०२२ मध्ये ते सतीश आळेकरांना आणि २०२३ मध्ये नट व निर्माते प्रशांत दामले यांना मिळाले.