नाट्यपरवान्याचा पत्रव्यवहार, ब्रिटिश

ब्रिटनमध्ये नाटकाच्या जाहीर प्रयोगासाठी परवाना मिळवताना नाट्यगृहांचे व्यवस्थापक आणि लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याचे कार्यालय यांच्यात होणारा लेखी व्यवहार. १८४३ च्या कायद्याचा त्याला आधार होता. १९६८ मध्ये तो थांबला. त्यातली दुसऱ्या महायुद्धानंतरची पत्रे सर्वांत मोलाची. नवे नाटककार आणि जुना कायदा यांची गाठ याच कागदांवर पडली.

संहिता प्रयोगाच्या किमान सात दिवस आधी लंडनच्या सेंट जेम्सेस पॅलेसमधील कार्यालयात पोचवावी लागे. परीक्षक ती वाचून कथानकाचा गोषवारा आणि अभिप्राय लिही. मग गाळायच्या वा बदलायच्या शब्दांची यादी व्यवस्थापकाला जाई. ज्याची वाक्ये कापली जात त्या नाटककाराला या व्यवहारात अधिकृत स्थानच नव्हते, आणि ही त्यातली सर्वांत अन्यायाची गोष्ट. निर्णयावर अपील नव्हते. उरे ती घासाघीस: हा शब्द काढतो, तो राहू द्या, त्याऐवजी हा चालेल का?

सॅम्युएल बेकेटच्या ‘एंडगेम’चे उदाहरण बोलके आहे. रॉयल कोर्ट नाट्यगृहात १९५७ मध्ये ते मूळ फ्रेंचमध्ये परवान्यासह झाले. इंग्रजी संहिता आली तेव्हा मात्र प्रार्थनेच्या प्रसंगात देवाला उद्देशून वापरलेल्या ‘बास्टर्ड’ या शब्दावर कार्यालय अडून बसले. बेकेट पॅरिसला, मधली बाजू नाट्यगृहाचे कलासंचालक जॉर्ज डिव्हाइन यांनी सांभाळली. अखेर त्या जागी ‘स्वाइन’ आला आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये पडदा वर गेला. एका शब्दासाठी एवढा काळ झगडणाऱ्या या माणसांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

संहितेबाहेरचे बोलणे हाही गुन्हा होता. जोन लिटलवुड यांच्या थिएटर वर्कशॉपमध्ये नट तालमीत आणि प्रयोगातही संवाद रचत. परवान्याच्या प्रतीत नसलेले संवाद बोलल्याबद्दल १९५८ मध्ये त्यांच्यावर खटला होऊन दंड झाला.

फक्त सभासदांसाठीच्या खासगी क्लबातील प्रयोग या जाचातून सहसा सुटत. १९५६ पासून कॉमेडी थिएटरने क्लबाचे रूप घेऊन आर्थर मिलर आणि टेनेसी विल्यम्स यांची परवाना नाकारलेली नाटके दाखवली. त्या काळी समलैंगिकतेचा उल्लेखही कार्यालयाला चालत नसे. ती बंदी तेव्हाचे लॉर्ड चेंबरलेन लॉर्ड स्कारब्रो यांनी १९५८ मध्ये काहीशी सैल केली. तरी १९६५ मध्ये जॉन ऑझबर्न यांच्या ‘अ पेट्रियट फॉर मी’साठी रॉयल कोर्टला क्लबच व्हावे लागले. त्याच वर्षी तिथे एडवर्ड बाँड यांचे ‘सेव्हड’ याच मार्गाने आले, पण त्यावर खटला भरला गेला आणि १९६६ मध्ये नाट्यगृह दोषी ठरले. क्लबाचा आडोसाही भरवशाचा राहिला नाही.

२६ सप्टेंबर १९६८ रोजी परवान्याची पद्धत संपली. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये नग्नता दाखवणाऱ्या ‘हेअर’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. कार्यालयाच्या फायली आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. परीक्षकाचा अभिप्राय, व्यवस्थापकाची उत्तरे आणि संहिता शेजारी ठेवून वाचल्या, की रंगमंचावरून कोणते वाक्य गेले आणि त्याच्या बदल्यात कोणते वाचवले गेले, ते दिसते. छापील नाटकात ही खूण उरत नाही.