लसीनंतर खांदा निकामी झाला, तर नर्सची चूक सिद्ध करावी लागते का?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्येही एक समज पक्का आहे: फ्लूच्या लसीनंतर खांदा आखडला तर भरपाईसाठी नर्सवर खटला भरायचा, आणि वकील अर्धी रक्कम घेऊन जाणार. दोन्ही चुकीचं आहे.

फ्लू, धनुर्वात अशा लसींसाठी 1986 च्या कायद्याने वेगळी योजना आहे. दावा केंद्रीय आरोग्य खात्याच्या सचिवाविरुद्ध, वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स न्यायालयात चालतो. सुई फार वर टोचली गेली की लस स्नायूऐवजी सांध्याजवळच्या पिशवीत जाऊ शकते आणि तिथे दाह होतो. 2017 पासून ही इजा योजनेच्या अधिकृत तक्त्यात आहे, म्हणजे अटी जुळल्या तर ती लसीमुळेच झाली असं गृहीत धरतात. निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. त्या खांद्याला आधीचा त्रास नसावा, दुखणं 48 तासांत सुरू झालेलं असावं, दुखणं व हालचालीची अडचण त्याच खांद्यापुरती असावी आणि दुसरं कारण सापडू नये. त्रास सहसा सहा महिन्यांहून जास्त टिकलेला लागतो. दावा पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांच्या आत.

दावे अडतात ते कागदांवर. ‘जाईल आपोआप’ म्हणून लोक चार महिने थांबतात, मग डॉक्टर ‘अलीकडे दुखतंय’ एवढंच लिहितात आणि 48 तासांचा पुरावा कमकुवत होतो. म्हणून लवकर जा, लसीची तारीख आणि कोणता हात, हे नोंदवून घ्या.

वकिलाची वाजवी फी न्यायालय वेगळी मंजूर करतं. तुमच्या रकमेतून कापता येत नाही. वेदनांसाठीची भरपाई मात्र कमाल 2,50,000 डॉलर.