कार्ब्युरेटरचं भोक मोठं केल्याने काय होतं?

मोटारसायकलची ताकद वाढवायची म्हटलं की पहिली नजर कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) घशाकडे, म्हणजे हवा जाण्याच्या भोकाकडे जाते. भोक मोठं केलं की हवा जास्त आणि हवा जास्त की ताकद जास्त, असा सरळ हिशेब. पण कार्ब्युरेटरचं सगळं काम हवेच्या वेगावर चालतं, हे कानस हातात घेण्याआधी समजून घ्यायलाच हवं.

अरुंद जागेतून जाताना हवा वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. वाहत्या पाण्यावर प्रयोग करून इटलीच्या व्हेंचुरींनी 1797 मध्ये हा परिणाम मांडला. फ्लोट चेंबरमधल्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतल्या, पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो. दाबातल्या या फरकामुळेच पेट्रोल जेटमधून, म्हणजे मोजक्या मापाच्या बारीक भोकातून, वर चढतं.

आता 18 मिलिमीटरचा घसा 20 चा केला असं समजा. क्षेत्रफळ सुमारे 23 टक्के वाढलं. इंजिनाचे फेरे तेवढेच आणि हवाही तेवढीच, म्हणून वेग 19 टक्क्यांनी घटला. दाबातली घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे पेट्रोल वर आणणारी ओढ तब्बल एक तृतीयांशाने गेली! कमी फेऱ्यांवर ती आधीच नाजूक असते. अशी गाडी अ‍ॅक्सिलरेटर पिळताच घुटमळते, पिकअप जातं. फायदा झालाच तर अगदी वरच्या फेऱ्यांवर, तोही मूळ घसा खरोखर अपुरा पडत असेल तर.

घसा आरशासारखा चकचकीत करण्यातही फारसं हशील नाही. त्यापेक्षा जोडावर बघा. गॅस्केटची (जोडातल्या पातळ चकतीची) कड आत डोकावत असेल किंवा कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डची (इंजिनाकडे जाणाऱ्या नळीची) भोकं जुळत नसतील, तर प्रवाह तिथे विस्कटतो. ती कड काढणं, भोकं जुळवणं हे घरी करण्याजोगं काम.

जेटला ड्रिल मात्र कधीच लावू नये. 1 मिलिमीटरचं भोक 1.1 झालं की क्षेत्रफळ 21 टक्के वाढतं. एका ग्रॅम पेट्रोलला पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, पूर्ण ताकदीसाठी साधारण 13. एवढ्या बारीक हिशेबात हाताचा अंदाज चालत नाही. क्रमांकाचे तयार जेट मिळतात, तेच बदलावेत.

एअर फिल्टर मोकळा केला असेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. मधल्या अ‍ॅक्सिलरेटरवर ते जाणवलं, तर नीडलची (जेटमधलं पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली सरकवावी. नीडल वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. मग गाडी फिरवून प्लग काढून बघावा: पांढराफटक असेल तर पेट्रोल अजून कमी, काजळी धरली असेल तर जास्त, फिकट तपकिरी असेल तर क्लिप तिथेच राहू द्यावी.