बेळगावच्या सुतारकामात नकाशा संगणकावर कसा गेला

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यात नव्या घराचं फर्निचर आता बरेचदा लॅपटॉपसमोर बसून ठरतं. ओटा, त्याखालच्या ट्रॉल्या, वरची कपाटं, सगळं पडद्यावर फिरवून दाखवलं जातं. मापं पक्की झाली की त्याच फाइलमधून कापायच्या तुकड्यांची यादी निघते. ही गोष्ट सहसा संगणकापासून सांगितली जाते. मला ती लाकडापासून सांगावीशी वाटते, कारण लाकूड आणि माप आधी बदलले नसते तर सुताराला या सॉफ्टवेअरचा फारसा उपयोगच झाला नसता.

खानापूर, लोंढा, जोयडा, दांडेली हा सगळा जंगलाचा मुलूख. सागवान, शिसव, मत्ती, नाणा ही इथलीच झाडं. वखारीत जाऊन ओंडका निवडायचा, चिरून घ्यायचा, फळ्या वाळू द्यायच्या आणि मग कामाला हात घालायचा. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्याही सारख्या निघत नाहीत. एकीत गाठ असते, दुसरी पिळलेली असते. शिवाय लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं; खानापूरच्या पावसात दारं चौकटीत अडकतात ती त्यामुळेच. म्हणून सुतार आधी सांगाडा उभा करायचा आणि पुढच्या तुकड्याचं माप त्या सांगाड्यावरूनच घ्यायचा. एका लाकडी पट्टीवर सगळ्या कप्प्यांच्या खुणा करून ठेवल्या की तीच पट्टी त्याचा नकाशा. इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढ्या मापावर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी कामं झाली. मिलिमीटरपर्यंत काटेकोर आरेखन करून अशा हलत्या लाकडात काहीच साधलं नसतं.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी जंगलतोड थांबवली आणि केंद्राच्या परवानगीशिवाय जंगलात चालणाऱ्या करवत गिरण्या बंद करायला लावल्या. सह्याद्रीसाठी हा आदेश आवश्यकच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भरीव सागवान सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जाण्याची प्रक्रिया त्याने वेगवान केली. प्लायवूड आधीपासून होतं, फेव्हिकॉल १९५९ सालापासून बाजारात होतं. आता प्लाय आणि वर सनमायका हीच रीत झाली.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फुगत-आकसत नाही म्हटलं तरी चालेल. प्रत्येक ताव ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. जाडी ठरलेली, कोपरे काटकोनात. असा माल हाती आल्यावरच कागदावरचं माप आणि कापलेला तुकडा एकमेकांशी जुळण्याची शक्यता निर्माण झाली.

या तावातून कमीत कमी तुकडे वाया घालवून जास्तीत जास्त माल कसा काढायचा, हा प्रश्न गणितात फार लवकर शिरला, आणि तोही प्लायवूडच्या वाटेने. १९३०च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राडच्या एका प्लायवूड संस्थेने लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारलं की वेगवेगळ्या जातीचं लाकूड सोलाई यंत्रांना, म्हणजे ओंडक्याचे पापुद्रे काढणाऱ्या यंत्रांना, कसं वाटून द्यावं. त्या विचारातून त्याने १९३९ मध्ये जी पद्धत मांडली, तीत माल कापण्याचा प्रश्नही होता. पुढे १९७५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गिलमोर आणि गोमोरी यांनी कापणीच्या याच प्रश्नाला संगणकावर सोडवता येईल असं रूप दिलं. आज बटण दाबल्यावर तावावर तुकडे मांडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मागे ही परंपरा आहे. करवतीच्या पात्याने खाल्लेलं सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक सूत, तेही हा प्रोग्रॅम हिशेबात धरतो. खडूने तावावर आखणी करणारा अनुभवी मेस्त्री हेच डोळ्यांनी करत आला आहे, आणि लहान कामात तो आजही मागे पडत नाही.

माप मात्र जर्मनीने बदललं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरं झपाट्याने उभी करायची होती आणि चिपबोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांची, कपाटं कारखान्यात बनू लागली होती. एकाच वेळी ओळीने भोकं पाडणाऱ्या यंत्रात ड्रिल दातेरी चाकांवर फिरतात. त्यांच्यातलं अंतर ३२ मिलिमीटरच्या खाली आणणं कठीण होतं, म्हणून तेच अंतर प्रमाण ठरलं. भोक ५ मिलिमीटरचं, पहिली ओळ पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर, लपलेल्या बिजागरीची वाटी ३५ मिलिमीटरची. बेळगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ट्रॉलीची चॅनेल आणि बिजागऱ्या याच आकड्यांवर बेतलेल्या आहेत. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला तरी सुतार फूट-इंचातच राहिला. त्याला मिलिमीटरकडे नेलं ते या बिजागरीने.

संगणकावर रेषा काढण्याचा इतिहास तसा सर्वांना ठाऊक आहे: १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडचा स्केचपॅड हा प्रोग्रॅम, १९८२ मध्ये ऑटोकॅड हे आरेखनाचं सॉफ्टवेअर. बेळगावात त्याची वाट उद्यमबागेतून गेली. फाउंड्री आणि यंत्रभागांच्या या वसाहतीत लोखंडासाठी संगणकीय आरेखन आणि सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी, यंत्रं आली. १९७९ साली सुरू झालेलं गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय तिथेच, आणि १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात. आरेखन शिकलेली मुलं गावात होती, पण ती धातूकडे वळली. आर्किटेक्टकडून येणारा ऑटोकॅडचा नकाशा सुतारापर्यंत पोचायचा तेव्हा त्यात कपाटाची समोरची बाजू असायची. फळीची जाडी, खाच, मागच्या पाटाची जागा, हे सगळं त्यालाच ठरवावं लागायचं.

ती जाडी नकाशात आणून दिली स्केचअप या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरने. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका छोट्या कंपनीने ते २००० मध्ये काढलं. २००६ मध्ये गूगलने कंपनी विकत घेऊन त्याची एक आवृत्ती फुकट दिली. २०१२ पासून ते ट्रिम्बल या कंपनीकडे आहे. आयत काढायचा आणि ओढून त्याला जाडी द्यायची, ही कृती सुताराच्या मनातल्या कामाशी थेट जुळते. ६०० मिलिमीटर रुंद कपाटाच्या दोन बाजू १८ मिलिमीटर जाडीच्या धरल्या तर आतला कप्पा ५६४ चा. ताव प्रत्यक्षात १७ चा निघाला तर तोच कप्पा ५६६ चा करावा लागतो, आणि दहा कपाटांत ही चूक झाली तर सगळं काम सैल होतं. खास कपाटांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जाडीचा एक आकडा बदलला की यादीतली सगळी मापं आपोआप बदलतात. मला या सगळ्या प्रकारातली खरी मदत इथे दिसते. रंगीत चित्र गिऱ्हाइकासाठी असतं, ही यादी कामासाठी.

सीमाभागात आणखी एक फायदा झाला. घरमालक कन्नड, मेस्त्री मराठी, हाताखालचा कारागीर राजस्थानचा, अशा ठिकाणी कपाटाचं चित्र समोर असलं की दार डावीकडे उघडायचं की उजवीकडे यावर वाद उरत नाही.

पण फाइल कोणाच्या हातात आहे, याची मला काळजी वाटते. नकाशा डिझायनरकडे, कापणी यंत्रावर आणि सुताराकडे फक्त जोडणी अशी वाटणी झाली तर मजुरीत त्याचा वाटा घटतो, आणि कामही बिघडतं. सॉफ्टवेअर भिंत सरळ आणि कोपरा ९० अंशांचा धरून चालतं. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या जुन्या घरांत तसा कोपरा क्वचितच सापडतो. वर आणि खाली माप घेतलं तर बोटभर फरक पडतो. हातात ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या धरलेला माणूस तीन ठिकाणी रुंदी मोजतो, सगळ्यात कमी निघालेली नकाशात घालतो आणि भिंतीकडेला एक पट्टी राखून ती जागेवर तासून बसवतो. हे जाणणाऱ्या सुतारांच्या मुलांना हे सॉफ्टवेअर मराठीत आणि कन्नडमध्ये, त्यांच्याच कामाची उदाहरणं घेऊन शिकवलं गेलं पाहिजे. त्यासाठी लागणारी शिकवणारी माणसं या शहरातल्या महाविद्यालयांत आणि उद्यमबागेत आहेतच.