दाबविद्युत संमिश्र पटल

मार बसताच विद्युतभार निर्माण करणारी, हवी तशी वाकणारी प्लॅस्टिकची पातळ फिल्म. लवचिक बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) दाबविद्युत गुण, म्हणजे दाब पडताच विद्युतभार देण्याचा गुण, असलेल्या सिरॅमिकची बारीक पूड मिसळून ती तयार करतात, दोन्ही अंगांना धातूचा थर देतात आणि त्यातून तारा काढतात. यंत्राला बसलेला धक्का, हेल्मेटवरचा आघात, पवनचक्कीच्या पात्यावर आदळलेली वस्तू असे बरेच काही तिने टिपता येते. द्राक्षबागांच्या सांगली जिल्ह्याला मात्र तिचा सर्वांत मोलाचा उपयोग गारपीट मोजण्यासाठी आहे.

पिअर व झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाबविद्युत परिणाम दाखवला. त्यांनी तपासलेल्या स्फटिकांत क्वार्ट्झ, टूर्मलीन आणि पुष्कराज यांच्या जोडीला उसाची साखरही होती. आपल्या साखरपट्ट्यात पोत्यांनी निघणाऱ्या दाण्यात हा गुण आहे, ही गोष्ट इथल्या शाळांत आवर्जून सांगायला हवी. प्लॅस्टिकची पाळी पुढे आली: १९६९ मध्ये जपानचे हेइजी कावाई यांनी पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, म्हणजे पीव्हीडीएफ, ताणून व तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवून त्यात हा गुण जागवला. हे क्षेत्र जाडीच्या दर मायक्रॉनला ५० ते १०० व्होल्ट इतके लागते.

पीव्हीडीएफ एका न्यूटन बलाला २० ते ३० पिकोकूलोम (कूलोम या भाराच्या एककाचा लाख कोटीवा... भाग) भार देते. शिसेयुक्त पीझेडटी सिरॅमिक ३०० च्या वर देते, पण ते ठिसूळ असते. दोन्हींचे गुण एकत्र आणायचे म्हणून संमिश्र. पूड जितकी जास्त तितके पटल चांगले, ही समजूत मात्र चुकीची आहे. सिरॅमिकचा परावैद्युत स्थिरांक (विद्युतक्षेत्राला आपल्या आत क्षीण करण्याचे माप) खूप मोठा असल्याने ध्रुवीकरण करताना, म्हणजे तीव्र क्षेत्र लावून हा गुण जागवताना, बहुतेक क्षेत्र प्लॅस्टिकमध्येच पडते आणि कणांपर्यंत थोडेच पोहोचते. शिवाय पीव्हीडीएफचा दाबविद्युत गुणांक ऋण, तर सिरॅमिकचा धन. दोन्ही एकाच दिशेने ध्रुवित झाले की एकमेकांचा भार काही अंशी खातात. म्हणून अनेकदा सिलिकोन रबरासारखे स्वतः दाबविद्युत नसलेले माध्यम घेतात. शिसे टाळायचे असेल तर बेरियम टायटनेटची पूड वापरतात. पूड फार झाली की फिल्म ताठर होते, तिला तडे जातात.

हे पटल बदलाला उत्तर देते, स्थिर वजनाला नाही. निर्माण झालेला भार थोड्या वेळात झिरपून जातो, त्यामुळे त्यावर ठेवलेली वीट काही क्षणांत ‘दिसेनाशी’ होते. आघातासाठी हाच दोष सोयीचा ठरतो.

गारेचे गणित असे. १ सेंटिमीटर व्यासाची गार सेकंदाला सुमारे १२-१३ मीटर वेगाने पडते; तिची ऊर्जा साधारण ०.०४ जूल. व्यास दुप्पट झाला की ऊर्जा सुमारे सोळापट, म्हणजे ०.६ जूलच्या आसपास. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब मात्र ०.००३ जूलच्या घरातच राहतो. त्यामुळे पॉलिकार्बोनेटच्या तबकडीखाली पटल चिकटवून संकेताची योग्य मर्यादा ठरवली, तर पाऊस आणि गार वेगळे काढता येतात. पर्जन्यमापकाला हे जमत नाही. तो पाणी सांगतो, मार सांगत नाही. तासगाव, कवठेमहांकाळ भागात काढणीच्या तोंडावर अवकाळी गारा पडल्या की मणी फुटतात, घड सडतात, काडीला इजा झाली तर पुढचा हंगामही अडचणीत येतो. तेव्हा कोणत्या शिवारात किती मोठी गार पडली याची मिनिटागणिक नोंद बागायतदाराच्या हाती असणे फार गरजेचे आहे.

तबकडी पारखण्यासाठी १ सेंटिमीटर व्यासाची पोलादी गोळी १ मीटर उंचीवरून सोडतात. तिची ऊर्जाही ०.०४ जूलच भरते. गोळीचा वेग गारेहून बराच कमी असल्याने हे प्रमाण ढोबळच मानावे. गोळी मध्यभागी, कडेला आणि कोपऱ्यात पाडून पाहावी, कारण जागेनुसार संकेत बदलतो.

पीव्हीडीएफ तापमानाच्या बदलालाही भार देते. ढग सरकून ऊन पडले तरी संकेत हलतो. हा संथ चढउतार गाळणारे परिपथ लागते. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर पीव्हीडीएफचा दाबविद्युत गुण हळूहळू जातो, म्हणून तबकडीचा वरचा पृष्ठभाग पांढरा ठेवणे बरे. प्लॅस्टिक आच्छादनाच्या बागेत ती आच्छादनाच्या वर, स्वतंत्र खांबावर बसवावी. मांडवाच्या तारेला बांधली तर वाऱ्याने हलणारी तारच गारा म्हणून नोंदली जाते.