रविवारची गोष्ट आणि घरची गोष्ट

चार वर्षांच्या लेकराला जक्कयची गोष्ट चर्चमध्ये सांगतात आणि घरीही सांगतात. तोच ठेंगणा जकातदार, तेच यरीहो गाव, गर्दीतून येशू दिसावा म्हणून तो चढला तेच उंबराचं झाड. त्यामुळे बहुतेक आईबापांना वाटतं की काम एकच आहे, फक्त जागा बदलते. रविवारी टीचरनं शिकवायचं आणि आठवडाभर घरी त्याची उजळणी घ्यायची. काही घरांत याच्या उलट चालतं: संडे स्कूलला पाठवतोच ना, मग घरी आणखी वेगळं कशाला? खान्देशातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी शिशुवर्ग घेते, आणि हे दोन्ही सूर मला सारखेच ऐकू येतात. दोन्हींत घोटाळा एकच आहे. गोष्ट सारखी असली की सांगणंही सारखंच, असं धरून चालतात.

आधी चर्चचं बघू. संडे स्कूलला शाळेचं रूप का आहे, याला इतिहास आहे. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ही चळवळ रुजवली, ती कारखान्यांत राबणाऱ्या गरीब पोरांना लिहा-वाचायला यावं म्हणून. सहा दिवस काम असायचं, मोकळा वार एकच, म्हणून रविवार. पुस्तक वाचायचं ते बायबल. पुढे अक्षरओळखीचं काम सरकारी शाळांनी उचललं, पण वर्ग, हजेरी, पाठांतर आणि बक्षीस हा साचा मागे राहिला. आजही आपल्या मंडळ्यांत सतरंजी अंथरली की तोच क्रम सुरू होतो: प्रार्थना, कृतिगीत, तक्ता दाखवून गोष्ट, सुवर्णवचन म्हणजे पाठ करायचं बायबलातलं वचन, आणि शेवटी रंगवायला कागद.

या साच्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला ठरावीक क्रम फार आवडतो. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की ते निवांत बसतं. आणि वर्गात एक गोष्ट घडते जी घरी घडूच शकत नाही. जक्कय झाला की पोरांना गर्दी करता येते. एक जण स्टुलावर चढतो, बाकीचे दाटीवाटीनं उभे राहून त्याची वाट अडवतात, आणि कुणीतरी येशू होऊन म्हणतो, "जक्कया, लवकर खाली ये." घरी गर्दी कुठून आणणार? ही गोष्ट मुळात गर्दीची आहे. येशूनं पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजारांना जेवण घातलं, ती गोष्टही तशीच. सगळ्यांना गटागटानं खाली बसवायचं आणि टोपली फिरवायची, म्हणजे पोरं न सांगता समजून जातात.

वर्गात मुलं वेगवेगळ्या घरांतून आलेली असतात. एकाचे वडील रेल्वेत, घरी शुद्ध मराठी. दुसरीच्या घरी अहिराणी. तिसरा नवापूरकडचा, त्याची आजी मावचीच बोलते. त्यामुळे टीचरनं सगळ्यांना कळेल अशा साध्या मराठीत, आठ-दहा मिनिटांत, मोजक्या माणसांची गोष्ट सांगायची असते. जकात म्हणजे काय, रोमी सरकार कोण, हे सगळं गाळायचं. "तो लोकांकडून जास्त पैसे घ्यायचा, येशू घरी आल्यावर त्यानं परत दिले," एवढं पुरतं. आणि गोष्ट सांगताना पवित्र शास्त्र उघडं असावं, निदान मांडीवर तरी. मुलाला वाचता येत नसतं, पण ही गोष्ट टीचरच्या मनातून आलेली नाही, या जाड पुस्तकातून आली आहे, हे त्याला दिसतं.

आता घर. घरी सांगण्याचा साचा बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दिलेलाच आहे: घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता आणि उठता. हे चारही प्रसंग नीट पाहिले तर त्यांत धड्याची वेळ कुठेच नाही. वेगळं काही मांडायचं नाही. जे चाललंय त्यातच बोलायचं. निर्गम या पुस्तकात वल्हांडणाच्या सणाबद्दलही मुलांनी "याचा अर्थ काय?" असं विचारलं म्हणजे सांगा, असं आहे. आधी पोराचा प्रश्न, मग मोठ्यांचं बोलणं. वर्गात हे उलटं असतं, आधी टीचर बोलते, मग प्रश्न. मला विचाराल तर मोठा फरक हाच, बाकीचे यातून निघतात.

एक प्रसंग सांगते, शेजारच्या घरातला. संध्याकाळी आई कळण्याच्या भाकरी थापत होती, ज्वारी-उडदाच्या त्या काळपट पिठाचा एक गोळा पोरीलाही दिलेला. पोरगी परातीच्या कडेला आपली टिकलीएवढी भाकरी थापत बसली होती. आईनं सहज म्हटलं, एका पोराजवळ अशाच पाच भाकरी होत्या, जवाच्या, आणि दोन मासे. पोरीनं लगेच विचारलं, "त्याले कोणी करी दिन्यात भाकरी?" आई थबकली. शास्त्रात ते नाहीच. त्या पोराचा उल्लेखसुद्धा फक्त योहानाच्या शुभवर्तमानात आहे, बाकी तीन शुभवर्तमानांनी त्याला गाळलंय. आई म्हणाली, "त्याच्या मायनं असतील." पोरगी आपली भाकरी तव्यावर टाकायला उठली. गोष्ट तिथंच अर्धी राहिली, बारा टोपल्या उरल्या ते त्या दिवशी आलंच नाही. घरी असं चालतं. अर्धी राहिलेली गोष्ट दुसऱ्या भाकरीच्या वेळी पुढे सरकते. वर्गात मी असं केलं तर पुढच्या रविवारी निम्मी पोरं वेगळीच असतील.

त्या आईनं "असतील" म्हटलं, हेही बरंच झालं. घरच्या गोष्टीत भर पडते, पडणारच. आजीच्या तोंडची योनाची गोष्ट ऐका: मासा तापीच्या डोहात राहणारा, आणि योना त्याच्या पोटात भरीत-भाकरी मागणारा. मला ती आवडते. पण शास्त्रात मोठा मासा आणि तीन दिवस, तीन रात्री एवढंच आहे, आणि ते तसंच्या तसं ऐकायला मिळायला कुठेतरी जागा हवी. ती जागा वर्गाची. तक्तेही नेहमी खरे असतातच असं नाही म्हणा. नोहाच्या तक्त्यावर सगळे प्राणी जोडीजोडीनंच चढताना काढलेले असतात, उत्पत्तीच्या सातव्या अध्यायात शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या आहेत.

आणि नोहाचं नाव निघालंच आहे तर भीतीचं बोलू. वर्गात जलप्रलय सांगताना मी तारू, जनावरं, पाऊस, कबुतर आणि इंद्रधनुष्य एवढ्यावरच राहते. कधीतरी एखादं पोर विचारतंच, "मग बाकीचे लोक?" पंधरा पोरांमध्ये या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. एकाला झेपेल ते दुसऱ्याला झेपत नाही, आणि त्यातल्या एकाचा काका पुरात वाहून गेलेला असेल तर मला ते ठाऊकही नसतं. घरी ठाऊक असतं. घरी हे उत्तर देता येतं, थांबून, मांडीवर घेऊन, आणि नाही जमलं तर "मलाही त्याचं वाईट वाटतं" असं म्हणता येतं. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला मोरिया डोंगरावर नेतो ती गोष्ट तर मी शिशुवर्गात सांगतच नाही. आपला बाप सुरी उचलतो, एवढंच चार वर्षांचं पोर रात्री अंथरुणात घेऊन जातं. मेंढा आला, इसहाक वाचला, हे शेवटचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अभ्यासक्रमात असली तरी गाळावी. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

घरच्यांच्या दोन सवयींनी मात्र सगळं पार बिघडतं.

पहिली, परीक्षा. पाहुणे आले की "मामांना वचन म्हणून दाखव." संडे स्कूलहून आल्या-आल्या "काय शिकवलं? नावं सांग." पोर गप्प बसलं की टीचर काही शिकवत नाही, असा निष्कर्ष. अहो, त्या वयात सांगता येणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पोरानं घरी "माहीत नाही" म्हटलं, तेच दुपारी खाटेवर चढून जक्कय होऊन बसतं. ते पाहायचं. पाठांतराला वर्गात जागा आहे, कारण तिथं सगळे मिळून म्हणतात आणि अडखळलेल्याचा आवाज इतरांत मिसळून जातो. घरी ते एकटं पडतं.

दुसरी सवय धाकाची. "देव वरून बघतोय हां!" आणि त्याच्या जोडीला प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक शेपूट: म्हणून आईचं ऐकायचं, म्हणून दूध संपवायचं. धिप्पाड गल्याथाला हरवणारा दावीद झाला की म्हणून घाबरायचं नाही. पोराला अंधाराची भीती वाटत असते, आणि आता दावीदही त्याच्या बाजूला राहिलेला नसतो. या वयाचं मूल शब्द जसेच्या तसे घेतं, "येशू तुझ्या हृदयात राहतो" म्हटलं की जेवल्यावर त्याच्या अंगावर भात पडेल का, हे विचारतं. तात्पर्य म्हणजे काय, हे त्याला अजून कळायचं आहे. गोष्ट संपली की थांबावं. ही शेपूट लावायची खोड टीचर लोकांनाही आहे, हे कबूल, पण घरी ती जास्त लागते, कारण घरी दूध संपवायचंच असतं.

काही प्रश्न तर घरासाठीच असतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी गल्लीत कानबाई बसते, म्हणजे नेमकी संडे स्कूलच्या दिवशी. शेजारच्या घरी रोट, गाणी, पोरांची धावपळ, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. आपलं पोर विचारणार, "आपल्याकडे कानबाई का नाही?" हा प्रश्न माझ्या वर्गात आला तर मी म्हणते, आईला विचार. जबाबदारी टाळायची म्हणून नाही. शेजारच्या काकूंशी तुमचं कसं आहे, रोटाचं ताट आलं तर तुम्ही काय करता, हे मला ठाऊक नसतं. प्रत्येक ख्रिस्ती घराची त्यात आपापली रीत आहे. एवढं मात्र व्हावं, की उत्तर देताना काकूंना कमी लेखलं जाऊ नये. पोर ते उत्तर जसंच्या तसं काकूंना जाऊन सांगणार आहे.

पुष्कळ पालक मला विचारतात, मग घरी तक्ते आणू का, रंगवायची पुस्तकं आणू का, रोज संध्याकाळी अर्धा तास बसवू का? आणायची तर आणा, पण घरात दुसरा वर्ग भरवू नका. प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याला त्याच्या आजीनं, लोईसनं, आणि आई युनीके हिनं बालपणापासून शास्त्र दिलं, असं पौल लिहितो. बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता. तिथं ना सतरंजी होती, ना हजेरीपट. एकच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा सांगा, आणि शब्द बदलू नका, बदलले की पोर चूक काढतं. वर्गात मी एकाच गोष्टीवर इतका वेळ राहू शकत नाही. ती चैन तुमची.

जोडायचंच असेल तर थोडकं जोडावं. शनिवारी मी पालकांच्या ग्रुपवर फक्त गोष्टीचं नाव टाकते: हरवलेलं मेंढरू. कागद नाही, प्रश्नावली नाही. मग दिवाळीनंतर साक्रीकडच्या रस्त्यानं ठेलारी मेंढपाळांचे कळप निघालेले दिसले, की गाडी थांबवून ज्याला बोलायचं तो बोलतो. मेंढपाळ कळपाच्या मागे चालतोय, लंगडं कोकरू खांद्यावर आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला शंभर मेंढरांतलं ते एक, आणि त्याला शोधायला गेलेला धनी, तक्त्यावर मी कितीही रंगवला तरी इतका दिसणार नाही.

एक अडचण उरतेच. नंदुरबार, साक्री, नवापूर भागातली पुष्कळ घरं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परततात. लेकरं बरोबर जातात. पाच-सहा महिने त्यांना वर्ग नाही, कुठे कुठे चर्चही नाही. परत आल्यावर हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रिकामे चौकोन दिसतात आणि बक्षिसाच्या दिवशी ती मागे बसतात. मंडळ्यांनी ही हजेरीची बक्षिसं शिशुवर्गात तरी बंद करावीत, असं मी बैठकीत बोलून झाले आहे. आणि निघण्याआधीच्या रविवारी या आयांनाच सतरंजीवर बसवून घ्यावं. त्यांना पुस्तक देऊन उपयोग नाही, उसाच्या फडावरच्या झोपडीत दिवाही पुरत नाही. दोन-तीन गोष्टी त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्याव्यात, अडखळल्या तर दोनदा. मोळी बांधताना सांगता येतील अशा. जक्कय चालतो, मेंढरू चालतं, पाच भाकरी तर चालतातच.