आजचे संदेष्टे आणि मंडळीची पारख : पार्श्वभूमी

नाशिकरोडपासून सिडकोपर्यंतच्या घरगुती मंडळ्यांत 'प्रभूने मला तुमच्याविषयी दाखवले आहे' हे वाक्य आता नवे राहिलेले नाही. उपवास-प्रार्थनेला बाहेरगावचा सेवक येतो, पुढे बसलेल्या एखाद्या बहिणीला उभे करतो आणि मुलाचे लग्न, परदेशाचा व्हिसा, घराचे कर्ज यांविषयी मुदत घालून बोलतो. जुन्या मंडळ्यांतले लोक हे ऐकून अस्वस्थ होतात, नव्या मंडळ्यांत 'आमेन'चा गजर होतो. दोन्ही बाजूंना आपलीच भूमिका मुळापासून चालत आल्यासारखी वाटते. इतिहास तसे म्हणत नाही.

पहिल्या मंडळ्यांत संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश सांगणारे, होते आणि त्यांच्यामुळे होणारा त्रासही होता. 'डिडाखे' या अतिप्राचीन शिकवणीच्या पुस्तकात सरळ नियम आहे : आत्म्यात बोलतो असे सांगून जो स्वतःसाठी पैसे मागतो त्याचे ऐकू नका, गरजवंतांसाठी मागत असेल तर दोष देऊ नका. दुसऱ्या शतकात फ्रिजियात एक पुरुष आणि दोन स्त्रिया यांच्याभोवती नव्या संदेशांची मोठी चळवळ उभी राहिली. नवे यरुशलेम आपल्याच भागात उतरणार, असे तिथले लोक म्हणत. बिशपांनी ती चळवळ नाकारली, आणि तेव्हापासून 'मला प्रकटीकरण झाले' म्हणणाऱ्याकडे मंडळी सावधपणे पाहू लागली. धर्मसुधारणेनंतर तर संदेश देण्यासारखी पवित्र आत्म्याची ही कृपादाने प्रेषितांबरोबरच संपली, असे मत प्रॉटेस्टंटांच्या मोठ्या गटात पक्के झाले.

मराठी मुलखात मिशन आले ते साधारण याच वळणाचे. १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर वसले, तिथे शाळा आल्या, कारखाना आला, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलेही आली. तिथल्या भक्तीला आकार होता तो शास्त्रपाठ, प्रार्थनापुस्तक आणि उपदेश यांचा. सभेत उठून कोणी 'प्रभू असे म्हणतो' म्हणेल, याला त्या भक्तीत जागाच नव्हती.

तरी हे सारे अलीकडे परदेशी वाहिन्यांवरून आले, असे जे म्हटले जाते ते खरे नाही. जून १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या आश्रमात संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झाले ते लॉस एंजेलिसच्या ज्या सभांतून पेंटेकॉस्टल चळवळ पसरली त्यांच्या एक वर्ष आधी. मुली तासन्‌तास रडल्या, पापे कबूल केली, पुढे काही जणी अन्य भाषांत बोलल्या. त्यातून निघाल्या त्या प्रार्थनेच्या आणि सुवार्तेच्या टोळ्या, खेड्यापाड्यांत पायी जाणाऱ्या. कोणाच्या घरभरणीची तारीख त्यातून निघाली नाही. १९१७ मध्ये मराठी ख्रिस्ती कवींमध्ये सर्वात लाडके असलेले ना. वा. टिळक ख्रिस्तदर्शनाच्या अनुभवानंतर मिशनची नोकरी सोडून 'देवाच्या दरबारा'च्या मागे लागले. त्यांची सासुरवाडी नाशिकजवळची जलालपूर. त्या दर्शनाचे काय करायचे हे मंडळ्यांना नीटसे ठरवता आले नाही. अभंग मात्र सर्वांनी स्वीकारले.

आजच्या वादाचा खरा गुंता नव्या करारातल्या अगब नावाच्या संदेष्ट्याभोवती आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो दोनदा भेटतो. पहिल्यांदा तो दुष्काळ पडणार असे सांगतो, आणि अंत्युखियातले शिष्य लगेच यहूदीयातल्या भावांसाठी मदत गोळा करतात. दुसऱ्यांदा कैसरियात तो प्रेषित पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि म्हणतो की, ज्याचा हा कमरबंद आहे त्याला यरुशलेमात यहूदी असेच बांधतील आणि परराष्ट्रीयांच्या हाती देतील. प्रत्यक्षात यहूदी जमावाने पौलाला मारहाण केली. साखळ्यांनी बांधायला लावले ते रोमी सरदाराने, आणि त्यानेच त्याला जमावाच्या हातून सोडवले.

१९८० च्या दशकात एका अमेरिकी अभ्यासकाने यावरून मांडले की अगबाचा गाभा बरोबर, तपशील चुकला. म्हणजे नव्या करारातला संदेश जुन्या करारातल्या यशया-यिर्मयाच्या वचनासारखा अचूक नसतो, त्यात माणसाची भर असू शकते. या मांडणीने करिष्मावादी, म्हणजे ही कृपादाने आजही मिळतात असे मानणाऱ्या, मंडळ्यांना मोठा दिलासा मिळाला : संदेश चुकला तरी देणारा खोटा संदेष्टा ठरत नाही. विरोधकांनी त्याच पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवले. तिथे पौल स्वतः रोममध्ये सांगतो की मला यरुशलेमातून बंदिवान करून रोमी लोकांच्या हाती देण्यात आले. पौलालाच अगबाच्या शब्दांत चूक दिसत नसेल तर आपण ती का काढावी? शिवाय चूक चालते असे एकदा मान्य केले की प्रत्येक फसलेला संदेश 'तपशिलात' ढकलता येतो, आणि जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली कसोटी, म्हणजे बोललेले घडले नाही तर ते परमेश्वराचे वचन नव्हे, ही कागदावरच राहते.

माझ्या मते दोन्ही पक्षांच्या झटापटीत त्या प्रसंगातली सर्वात उपयोगी गोष्ट मागे पडते. अगब 'जाऊ नकोस' असे म्हणत नाही. तो निष्कर्ष भोवतीच्या मित्रांचा आहे, रडून काढलेला. पौल संदेश नाकारत नाही, पण त्याला हुकूमही मानत नाही. आपण मरायलाही तयार आहोत म्हणतो आणि निघतो. मग सर्व जण प्रभूच्या इच्छेवर सोपवून गप्प होतात. आजचा संदेष्टा माहितीही देतो आणि निर्णयही तोच देतो : अमुक स्थळ स्वीकारा, नोकरी सोडा, प्लॉट विका. अगबाने हे केले नव्हते, आणि करिंथच्या मंडळीला पौलाने घालून दिलेली शिस्तही याच्या उलट आहे : दोघा-तिघांनी बोलावे, इतरांनी पारख करावी.

ही पारख विसाव्या शतकात हळूहळू सुटत गेली. १९४८ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या संजीवनात हात ठेवून व्यक्तिगत संदेश देण्याची पद्धत जोर धरू लागली, १९८० च्या दशकात अमेरिकेत 'संदेष्टा' ही स्वतंत्र सेवा आणि पदवी झाली, मग टीव्ही आणि यूट्यूब आले. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत अनेक प्रसिद्ध संदेष्ट्यांनी तत्कालीन अध्यक्षच पुन्हा निवडून येणार असे सांगितले होते. ते घडले नाही. काहींनी माफी मागितली, काही अडून बसले. एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्याच वर्तुळातल्या पुढाऱ्यांनी जाहीर निवेदन काढले : जाहीरपणे दिलेला मुदतीचा संदेश चुकला तर जबाबदारीही जाहीरपणे घ्यावी.

कॅथोलिक बाजूला १९६७ नंतर करिष्माई प्रार्थनासभा फोफावल्या, पण तिथे पारखणारे ठरलेले आहेत. १९७८ मध्ये त्यासाठी नियम झाले, मे २०२४ मध्ये ते बदलून नवे आले. आता बिशपाचा सर्वात अनुकूल निर्णयसुद्धा साधारणपणे 'अडथळा नाही' एवढाच असतो, म्हणजे घटना अलौकिक आहे अशी ग्वाही त्यात नसते. खासगी प्रकटीकरण विश्वासाच्या ठेव्यात भर घालत नाही, ही शिकवण तर जुनीच.

आपल्याकडच्या स्वतंत्र मंडळ्यांना बिशप नाही, आणि कित्येकींना वडीलमंडळही नाही. त्यात नाशिक हे तीर्थक्षेत्राचे गाव. मुहूर्त, पत्रिका, ग्रहशांती हे इथे घराघरांत ओळखीचे, आणि अडचणीत 'पुढे काय' हे विचारायची सवय बाप्तिस्म्याने एका दिवसात जात नाही. मग ज्योतिषाला विचारायचे तेच प्रश्न घेऊन माणूस देवसेवकाकडे जातो, आणि देवसेवक उत्तर देतो. त्या बहिणीला मी दोष देणार नाही. मुलगा तीन वर्षे घरी बसलेला असेल तर माणूस ऐकतोच. उत्तर देणाऱ्याचा मात्र हिशेब व्हायला हवा, आणि तो होत नाही, कारण आता संदेश बहुधा फोनवर येतो, एकट्या माणसाला, रात्री, आणि त्यामागोमाग दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची, आठवणही. यिर्मयाने हनन्या या खोट्या संदेष्ट्याला उत्तर दिले ते मंदिरात, याजक आणि सर्व लोकांसमोर. हनन्याने बाबेलचे जू मोडण्याला दोन वर्षांची मुदत सांगितली होती, तीही सर्वांनी ऐकली होती.

थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने संदेशांचा धिक्कार करू नका असे लिहिले, आणि लगेच सर्व गोष्टी पारखून घ्या असेही लिहिले. जुन्या मंडळ्या दुसरे वाक्य वाचतात, नव्या मंडळ्या पहिले. दोन्ही पाळायची तर सुरुवात साधी आहे : फोनवर आलेला संदेश तारीख घालून लिहावा, आपल्या पाळकाला आणि दोन जाणत्या विश्वासणाऱ्यांना दाखवावा, आणि तोवर कुठलाही व्यवहार, सोयरीक किंवा देणगी ठरवू नये. असे दाखवायला जो सेवक मनाई करतो, त्याच्या संदेशाची निम्मी पारख तिथेच झालेली असते.